पाळण्यातलं तिसरं ब्लेड

एका गावात एक भोळा जावई होता. लिंबाजी ढेकळे त्याचं नाव. अंगानं दांडगा, मनानं लोणी. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. सांगाल तसंच करायचा. एकदा आईनं सांगितलं, दाराकडं लक्ष ठेव. मांजर दूध पिऊन गेलं, कोंबड्या पिठात नाचल्या, हा आपला दाराकडं बघत बसला. आई आली, कपाळाला हात लावला. लिंबाजी म्हणाला, दार जागेवरच आहे.

त्याची बायको वैजयंता. सगळे तिला वैजू म्हणायचे. वैजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर काही लांब नव्हतं. ओढ्याच्या अलीकडं सासर, पलीकडं माहेर. मुलगी झाली. पोरीचं नाक कुणावर गेलं हे ठरायच्या आधीच लिंबाजीच्या सासूनं अट घातली. सासू म्हणजे सरूबाई खोमणे. तिच्यापुढं सरपंचसुद्धा चप्पल काढून उभा राहायचा. सासरे विठोबाही त्याच घरात होते, पण सरूबाईच्या बोलण्यात त्यांना शिरायला फट मिळायची नाही. सरूबाई म्हणाली, "घरात पक्की नोकरी लागल्याशिवाय माझी लेक आणि नात ओढा ओलांडणार नाहीत."

लिंबाजी तेव्हा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या उचलायचा. काम असलं तर असलं, नसलं तर घरी. वैजूला घोर लागला. आधीच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोर शिंकली की हिला घाम फुटायचा, पोर गाढ झोपली की ही नाकापुढं बोट धरून श्वास बघायची. त्यात ही अट. ती लिंबाजीला म्हणाली, "अहो, बारशापर्यंत तेवढं नोकरीचं बघा. मला आपल्या घरात हिला अंघोळ घालायचीय."

लिंबाजी म्हणाला, "बरं."

आणि लिंबाजी एकदा बरं म्हणाला की ते झालंच म्हणायचं.

आता कोल्ड स्टोरेजच्या एका टोकाला काचेची खोली होती. खोलीत लोखंडी कपाट. कपाटात पुस्तकं उभी लावावीत तसे पातळ पातळ कॉम्प्युटर उभे लावलेले. त्यांना ब्लेड म्हणायचे. कुणाचा बेदाणा कुठल्या खोलीत, कुठली खोली किती थंड, हे सगळं त्या ब्लेडांच्या पोटात. कपाट बंद पडलं तर ढीगभर पेट्यांतून आपली पेटी कुणालाच सापडायची नाही.

कपाटाचे साहेब होते काळुंखे. ते तालुक्याहून दुपारी चक्कर मारायचे. दिवसभर बसायला त्यांना एक माणूस हवा होता. आधी दोन शिकलेले ठेवून बघितले. एकानं आपल्या मनानं पंखे हळू केले, दुसऱ्यानं आपल्या मनानं सगळंच सुधारायला घेतलं. साहेब वैतागले. चेअरमनना म्हणाले, मला डोकं चालवणारा नको, सांगितलेलं करणारा पाहिजे. झालं. सगळ्या हमालांनी एकदम लिंबाजीकडं बोट दाखवलं.

चेअरमन म्हणाले, "लिंबाजी, तुझ्या पोरीच्या बारशाला मी येणारच आहे. तोवर कपाट धड राहिलं तर त्याच दिवशी तुला पक्का करतो."

साहेबांनी लिंबाजीला काळ्या पडद्यापुढं खुर्चीत बसवलं. म्हणाले, "हे ब्लेड स्वतः बोलत नाहीत. त्यांच्यावर एक मुकादम आहे, तो कपाटातच असतो. इथं हेल्थ असं टाईप केलं की तो एकेकाची तब्येत सांगतो. विचारलं तरच सांगतो, न विचारता एक अक्षर नाही. तुझं काम विचारायचं."

"बरं."

लिंबाजीनं विचारलं. सगळे बरे होते. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिसरं ब्लेड जरा गरम होतं. पुन्हा विचारलं. तिसरं चांगलंच गरम होतं. लिंबाजीला मुकादम आवडला. विचारावं आणि त्यानं सांगावं, भांडण नाही तंटा नाही. दुपारी साहेब आले तेव्हा तिसऱ्या ब्लेडवर पापड भाजला असता.

साहेबांनी विचारलं, हे असं कधीपासून आहे.

"सकाळपासून, साहेब."

"मग मला फोन करून सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

साहेबांनी आधी धावत जाऊन पंखा सोडला. मग त्यांनी सावकाश, शब्द सुटे सुटे करून सांगितलं, की तापलेलं दिसलं की वाट बघायची नाही. पंखा पूर्ण सोडायचा. वारा पाहिजे वारा.

"बरं," लिंबाजी म्हणाला.

संध्याकाळी तो पोरीला बघायला ओढ्यापलीकडं गेला. वैजूची अंघोळ नुकतीच झाली होती. ती बाजेवर निजली होती. कानाला फडकं, अंगावर गोधडी, बाजेखाली शेगडी. शेगडीत ओवा आणि वेखंड टाकून धुरी केलेली. लिंबाजीनं बाजेला हात लावला. गरम. वैजूच्या कपाळाला हात लावला. गरम. त्यानं इकडं तिकडं बघितलं. अंगणात उफणणीचा पंखा होता, ज्वारीचा भुसा शेजारच्या वावरात उडवणारा. लिंबाजीनं तो ओढत उंबऱ्यात आणला आणि पूर्ण सोडला.

वैजूच्या कानाचं फडकं उडालं. दोरीवरची दुपटी उडाली. वाळत घातलेल्या शेवया छपराला जाऊन चिकटल्या. शेगडीतली सगळी राख सरूबाईच्या अंगावर आली. पोर आजीच्या पदराखाली होती म्हणून तिला काही झालं नाही, ती झोपून राहिली. सरूबाई मात्र नखशिखांत पांढरी झाली. पांढऱ्यातून दोन डोळे बाहेर आले.

"जावईबापू," सरूबाई म्हणाली, "हे काय केलंत?"

"मामी, वैजू तापली होती."

सरूबाईनं तोंडातली राख थुंकली. जावई पडला, म्हणून आवाज खाली ठेवून तिनं सांगितलं, की बाळंतिणीला वारा दाखवायचा नसतो. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. कान बांधायचे. अंगावर गोधडी आणि खालनं शेगडी. "ऊब पाहिजे, ऊब."

"बरं."

दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं मुकादमाला तब्येत विचारली. तिसरं ब्लेड पुन्हा बरं नव्हतं. आता लिंबाजी वाट बघणाऱ्यातला नव्हता. त्यानं खोलीत नजर फिरवली. भिंतीवरून गार वारा येतोय, कपाट उघडंबोडकं उभं, खाली ऊब नाही की वर पांघरूण नाही. त्याचा जीव कळवळला. त्यानं एसी बंद केला. घरून गोधडी आणून कपाटाला गुंडाळली. कपाटाचे कान कुठं ते कळेना, म्हणून सगळीकडून फडकी बांधली. मग शेगडी आणली.

काचेतून बघून हमालांनी साहेबांच्या मोबाईलवर बोंब ठोकली तेव्हा साहेब जेवत होते. ते उष्ट्या हातानं आले. लिंबाजी कपाटाखाली वाकून शेगडी फुंकत होता. ती अजून पेटली नव्हती, तेवढं नशीब.

साहेबांनी गोधडी ओढायला घेतली आणि ओरडले, तिसरं जळेल आता, बंद कर, बंद कर. लिंबाजीनं धावत जाऊन बंद करायचा हुकूम टाईप केला. पहिलं ब्लेड बंद झालं. दुसरं बंद झालं. तिसरं झालं, चौथं झालं, शेवटचं झालं. सगळ्या खोलीत एकदम एवढी शांतता पसरली की बाहेर ट्रकवाला खाकरला तोसुद्धा ऐकू आला. दारात गाड्या उभ्या राहिल्या. कुणाची पेटी कुठं आहे हे देवालाही सांगता येईना. हमाल हातावर हात ठेवून उभे. व्यापारी एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे.

साहेबांनी सगळं पुन्हा चालू करेपर्यंत चहाची वेळ टळून गेली. मग ते लिंबाजीशेजारी खाली जमिनीवरच बसले.

"लिंबाजी, मुकादमाला आधी सांगायचं असतं, आपण कुणाशी बोलतोय. पूर्ण नाव-पत्ता घ्यायचा. कुठलं कपाट, त्यातलं कितवं ब्लेड. मग हुकूम. नाव न घेता हुकूम दिलास तर तो सगळ्यांना लागतो."

"बरं, साहेब."

चेअरमनच्या कानावर गेलंच. त्यांनी निरोप धाडला, एवढं एक पोटात घातलं, पण बारशापर्यंत कपाटाला पुन्हा काही झालं तर पक्की नोकरी विसर. निरोप वैजूपर्यंतही गेला. तिनं देवापुढं पाच वातींचा दिवा लावला आणि नवऱ्याला काही सुचू नये म्हणून प्रार्थना केली.

संध्याकाळी लिंबाजी सासरवाडीला गेला. ओट्यावर शेजारच्या बायका बसल्या होत्या. लिंबाजी अंगणात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सरूबाई विठोबा खोमणे, पाणी द्या."

सगळ्या बायकांचे पदर एकदम तोंडाला गेले. सरूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. एवढं वय झालं, पण असं हजेरी घेतल्यासारखं कुणी तिला हाक मारली नव्हती. आतल्या खोलीत विठोबा तेवढे बऱ्याच दिवसांनी हसले, तेही भिंतीकडं तोंड करून.

लिंबाजी आत गेला. "वैजयंता लिंबाजी ढेकळे, बरी आहेस का?" वैजू गोधडीत तोंड खुपसून हसत सुटली. तेवढ्यात पोर रडायला लागली. वैजूचं हसू जागच्या जागी विरलं. ती म्हणाली, अहो, घ्या जरा तिला, गप करा.

लिंबाजी पोरीवर वाकला. तोंड उघडलं. मिटलं.

"हिचं नाव काय?"

"अजून ठेवलंय कुठं."

"मग मला बोलता येणार नाही. नाव न घेता गप म्हणालो तर ते सगळ्यांना लागेल."

सरूबाई दारात होती. ती म्हणाली, "मला नाही लागत. मी कुणाच्या सांगण्यानं गप बसत नसते."

हे खरंच होतं, पण लिंबाजीचा नाइलाज होता. पोर रडत राहिली आणि बाप हाताची घडी घालून गप्प बसून राहिला. शेवटी सरूबाईनं पोर उचलली आणि जावयाला समजावलं. नाव असं येताजाता ठेवत नसतात. बारशाला आत्या येते. पाळण्याशी वाकते. कानात हळूच कुर्र करते आणि नाव सांगते. मग ते नाव त्या जिवाला चिकटतं.

"बरं," लिंबाजी म्हणाला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. तिसऱ्या ब्लेडला नुसता नंबर होता, नाव नव्हतं. लिंबाजीला फार वाईट वाटलं. म्हणून तर ते सारखं आजारी पडत असेल. त्यानं आपल्या थोरल्या बहिणीला आणलं, ठकूआक्काला. ठकूआक्काच्या तोंडात पान कायमचं. दुपारी साहेबांनी काचेचं दार उघडलं तर कपाटाच्या जाळीला तोंड लावून एक लुगडं नेसलेली बाई ओणवी उभी.

"ही कोण?"

"आत्या आहे, साहेब."

साहेब पुढं धावले, पण तोवर आक्कानं दम भरून कुर्र केलं होतं. पानासकट केलं होतं. तिसऱ्या ब्लेडमधून चर्र आवाज आला. मग वास आला. मुकादमाला विचारलं तर त्यानं तिसऱ्याचं नाव घ्यायचंच सोडून दिलं.

आता साहेबांना ओरडायचं त्राण राहिलं नव्हतं. बाकीचे ब्लेड धडधाकट होते हेच खूप झालं. चेअरमनना त्यांनी तिसरं पहिल्यापासूनच आजारी होतं एवढंच सांगितलं. साहेब म्हणाले, बारशादिवशी कंपनीचा माणूस नवं ब्लेड घेऊन येईल. जुनं दिलं तरच तो नवं देणार. तेव्हा लिंबाजीनं त्या सकाळी जुनं बाहेर काढावं, मऊ फडक्यात गुंडाळून, आपटणार नाही अशा मऊ जागी ठेवावं.

"आणि ऐक. ब्लेड काढलं की ती जागा रिकामी ठेवायची नाही. रिकामी राहिली की सगळा वारा तिथूनच पळतो आणि बाकीचे तापतात. तिथं डमी घालायची."

"डमी म्हणजे काय, साहेब?"

"खऱ्याच्या जागी बसतं. त्याच मापाचं असतं. काम काही करत नाही, जागा तेवढी भरतं. कपाटाखालीच असेल बघ एखादी."

"बरं."

बारशाचा दिवस उजाडला. लिंबाजीनं तिसरं ब्लेड बाहेर काढलं. पोरीचं जुनं दुपटं आणलं होतं, त्यात ते नीट गुंडाळलं. मग डमी शोधली. कपाटाखाली नव्हती. कपाटामागं नव्हती. इकडं रिकाम्या जागेतून वारा पळायला लागला होता. लिंबाजी ब्लेड छातीशी धरून, त्याला थोपटत, ओढा ओलांडून सासरवाडीला निघाला. तिथं तरी मऊ जागा मिळेल.

सासरवाडीला धांदल होती. पाळण्याला फुलांच्या माळा, चुलीवर घुगऱ्या, अंगणात बायका. वैजू आत पोरीला पाजत बसली होती. सरूबाईनं वरवंटा धुतला, त्याला हळदीकुंकू लावलं, टोपरं घातलं आणि पाळण्यात ठेवला.

"मामी, पाळण्यात वरवंटा कशाला?"

"बाळाच्या आधी त्याला निजवायची रीत आहे, जावईबापू. पाळणा रिकामा हलवू नये." आणि ती घुगऱ्या बघायला गेली.

लिंबाजी पाळण्यापुढं उभा राहिला. खऱ्याच्या जागी बसतं. काम काही करत नाही. जागा तेवढी भरतं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं वितीनं वरवंटा मापला. जाडी तर तंतोतंत होती.

त्यानं वरवंटा उचलला. पाळणा रिकामा झाला. आता रिकामी जागा ठेवायची नाही हे त्याला साहेबांनीही सांगितलं होतं आणि सासूनंही. दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. त्यानं तिसरं ब्लेड पाळण्यात निजवलं. जागा मऊ होतीच. डोक्याला टोपरं बांधलं आणि वरवंटा काखेत मारून ओढ्याकडं पळाला.

बायका जमल्या. पाळण्यात टोपरं दिसलं, दुपटं दिसलं. सगळ्यांना वाटलं, वैजूनं पोरीला आणून निजवलं. पाळणा म्हणायला सुरुवात झाली. ठकूआक्का डोळे भरून पुढं आली, आज तोंडात पान न घेता. वाकली. कुर्र केलं. नाव सांगितलं, रेवती. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"काय गुणाची पोर," आक्का पाठ चोळत म्हणाली. "हूं नाही की चूं नाही."

एकीनं गालाला हात लावला. "अंग गार लागतंय गं पोरीचं."

तेवढ्यात वैजू पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. बायकांनी वैजूकडं बघितलं. पाळण्याकडं बघितलं. पुन्हा वैजूकडं बघितलं. सरूबाईनं पुढं होऊन टोपरं सोडलं. आतून लोखंडाची कड निघाली, हिरवा पत्रा निघाला, त्यावर पानाचा लाल डाग.  सरूबाईनं ते ब्लेड दोन बोटांत धरलं, उखळाशेजारी ठेवलं, आणि खऱ्या पोरीला पाळण्यात घालून बारसं पहिल्यापासून सुरू केलं. आक्काला बुक्के दुसऱ्यांदा बसले. मग सगळ्याजणी घुगऱ्या खायला मागच्या अंगणात गेल्या. रेवती झोपली. वैजूनं तिच्या नाकापुढं बोट धरून बघितलं आणि तीही वाढायला गेली.

इकडं काचेच्या खोलीत चेअरमन, काळुंखे साहेब आणि कंपनीचा माणूस असे तिघं आले होते. साहेबांनी हेल्थ टाईप केलं. मुकादम म्हणाला, तिसरी जागा रिकामी, बाकी सगळे ठीक, सगळे गार. साहेबांना खरं वाटेना. त्यांनी जाळीतून आत बघितलं. आत हळदीकुंकू लावलेला वरवंटा झोपला होता.

"डमी," लिंबाजी म्हणाला.

साहेबांनी डोळे मिटले. पण चेअरमनना काय, कपाट गार होतं ना. ते खुशीत येऊन म्हणाले, "शाबास. लिंबाजी, आजपासून तू—"

"जुनं ब्लेड द्या आधी," कंपनीचा माणूस मध्येच म्हणाला. त्याला उशीर होत होता.

साहेबांनी विचारलं, कुठं ठेवलंस. लिंबाजी म्हणाला, पाळण्यात. साहेबांनी आता कशाचंच नवल करायचं नाही असं ठरवलं होतं. ते म्हणाले, दोघं जीपमधून जा. पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं आहे ते तसंच उचल आणि या माणसाच्या मांडीवर ठेव.

"बरं."

जीप सरूबाईच्या दारात थांबली. पुढच्या अंगणात कुणी नव्हतं. लिंबाजीनं पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं होतं ते तसंच उचललं. पाळणा रिकामा झाला. रिकामा ठेवायचा नव्हता. उखळाशेजारी एक लोखंडी वस्तू कुणीतरी टाकून दिलेली दिसली, ती त्यानं आत ठेवली. आणि दुपटं नेऊन कंपनीच्या माणसाच्या मांडीवर दिलं. जीप वळली.

ओढा ओलांडताना कंपनीच्या माणसानं नंबर बघायला दुपटं उघडलं. दुपट्यानं जांभई दिली.

"अहो," कंपनीचा माणूस म्हणाला, "हे तर चालू आहे. आम्ही बंद पडलेलंच परत घेतो."

"साहेबांनी पाळण्यातलं सांगितलं," लिंबाजी म्हणाला.

"आणि हे गळतंय."

त्याची विजार भिजली होती.

वैजू घुगऱ्यांची ताटली ठेवून पोरीला बघायला आली. पाळण्यात हात घातला. हाताला गार लोखंड लागलं. ती ओरडली नाही. तोंडातून आवाज निघायला वेळ लागला असता आणि तेवढा वेळ तिच्याकडं नव्हता. कानाचं फडकं तिथंच पडलं, चप्पल घालायची राहिली, ओली बाळंतीण जीपच्या चाकोरीवरून ओढ्यातून धावत सुटली. तिच्या मागं डाव हातात घेऊन सरूबाई. तिच्या मागं ठकूआक्का, ती मात्र थोडी लांबून, पाठ दुखत होती.

काचेच्या खोलीत वैजूनं पोरीला कंपनीच्या माणसाच्या मांडीवरून ओढून घेतलं. हातपाय चाचपले. नाकापुढं बोट धरलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पोरीच्या डोक्यावर डोकं ठेवून रडली. पोर खुशाल होती. तिला जीपमधून फिरायला आवडलेलं दिसत होतं.

चेअरमननी सगळं बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "लिंबाजी, तू ऊठ आणि घरी जा. उद्यापासून येऊ नको. तुझ्या जागी मी दुसरं कुणीतरी बघतो."

वैजूनं मान वर केली. ओढा ओलांडून ती आली होती खरी, पण आता परत जावं लागणार होतं, आणि कधी यायचं ते देवालाच ठाऊक. लिंबाजी तिच्याकडं बघत होता. त्याचे डोळे भरून आले.

"बरं," तो म्हणाला.

आणि खुर्चीतून उठला. दारापर्यंत गेला. तिथं तो थांबला. मागं वळून त्यानं खुर्चीकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती.

दारातच सरूबाई धापा टाकत उभी होती, हातात डाव. लिंबाजीनं तिला वरपासून खालपर्यंत मापलं. मग हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. सरूबाईला दम लागला होता, ती बसली. बसली ती अशी की या हाताला फट नाही की त्या हाताला फट नाही. लिंबाजी समाधानानं घरी गेला. वैजूला आणि पोरीलाही घेऊन गेला, कारण चेअरमननी घरी जा म्हटलं होतं आणि त्याचं घर ते होतं.

चेअरमन काही बोलणार होते. पण सरूबाईचा दम परत आला होता. तिनं पडद्याकडं डाव दाखवून साहेबांना विचारलं, हे काय आहे. साहेबांनी सांगितलं, इथं प्रत्येकाची तब्येत विचारायची असते. सरूबाईनं साडी आवरून घेतली. गावात ज्याची तब्येत तिनं विचारली नव्हती असा माणूस दाखवा. साहेबांनी अक्षरं दाखवली, तिनं डावाच्या दांड्यानं एकेक बटण दाबलं. पहिला कसा आहे. दुसरा कोमट का लागतोय. चौथ्यानं काल काय खाल्लं. दुसरं ब्लेड जरा गरम झालं तर कुणी विचारायची वाट न बघता तिनं खिडकी उघडून सगळ्या कोल्ड स्टोरेजला सांगितलं, ट्रकवाल्यांनासुद्धा. साहेबांनी चेअरमनच्या कानात सांगितलं, हिला सोडू नका. चेअरमननी तिथंच तिला पक्की केली.

घरात पक्की नोकरी लागली. कुणाला लागावी हे सरूबाईनं कधी सांगितलं नव्हतं. तिला आता शब्द फिरवता येईना. वैजू ओढ्याच्या अलीकडं राहिली.

संध्याकाळी तिनं आपल्या घरात रेवतीला पहिली अंघोळ घातली. पाणी तापलं की सांगा, असं तिनं लिंबाजीला सांगितलं होतं. त्यानं पाण्याला आधी नाव विचारलं, पण ते असो.

पाळण्यातलं ते ब्लेड कंपनीच्या माणसाला मिळालं. नवं तिसऱ्या जागी बसलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वरवंटा लिंबाजीच्या हाती पाठवला. म्हणाले, हा जिथून आणलास तिथं रिकामी जागा असेल, तिथं ठेव.

"बरं."

लिंबाजी सासरवाडीला गेला. पाळण्यात कुणीतरी उशी ठेवली होती, तिथं रिकामी जागा नव्हती. त्यानं घरभर बघितलं. चुलीजवळ सरूबाईचा पाट रिकामा होता. सरूबाई तर आता दिवसभर कपाटापुढं. लिंबाजीनं वरवंटा पाटावर उभा केला. त्याच्यावर गोधडी घातली. वारा लागू नये म्हणून वरून फडकं बांधलं. आणि गेला.

दिवेलागणीला विठोबा वावरातून आले. त्यांची नजर जरा कमीच. ते भिंतीशी बसले, पाणी प्याले, चुलीकडं तोंड करून आज बेदाण्याला काय भाव निघाला ते सांगितलं. मग कुळवाचं सांगितलं. मग लग्नात राहून गेलेली एक गोष्ट सांगितली. कुणी मध्ये बोललं नाही. कुणी वाक्य तोडलं नाही. विठोबांचे डोळे पाणावले.

थोड्या वेळानं ठकूआक्का काल काचेच्या खोलीत राहिलेला डाव परत द्यायला आली आणि तिनं विचारलं, सरूबाई कुठंय.

विठोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आज कधी नव्हे ते ऐकून घेतीये."